रुमेली हिसार: बुरूज डोंगरावर, तोफा पाण्याकाठी

इस्तंबूलजवळ बॉस्फरस सामुद्रधुनीच्या युरोपीय काठावर रुमेली हिसार हा ऑटोमन तुर्कांचा किल्ला आहे. फेरीबोटीतून पाहिला तर त्याचा तट पाण्यालगत सुरू होतो आणि दोन टेकड्यांचे माथे कवेत घेत वर चढत जातो. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाची नजर लगेच वर जाते आणि बालेकिल्ला शोधू लागते. सगळ्यात उंच जागा ती सगळ्यात मोलाची, हा आपला हिशेब. इथे तो लागू पडत नाही. या किल्ल्याचं खरं काम पायथ्याशी, लाटांच्या पातळीवर चालायचं. माथ्यावरचे दोन अवाढव्य बुरूज होते ते त्या पायथ्याची पाठराखण करायला. हे एकदा ध्यानात आलं की याचा वेडावाकडा नकाशा, तीन बुरुजांच्या जागा, तटाची जाडी, सगळ्याची संगती लागते.

जागेची निवड

बॉस्फरस ही काळा समुद्र आणि मार्माराचा समुद्र यांना जोडणारी सुमारे 31 किलोमीटर लांबीची सामुद्रधुनी. रुमेली हिसारपाशी ती सर्वांत अरुंद आहे, जेमतेम 700 मीटर. समोरच्या आशियाई काठावर ऑटोमन सुलतान पहिल्या बायजीदने 1390 च्या दशकात बांधलेला अनादोलू हिसार आधीपासून होताच. म्हणजे दुसरा मेहमेद 1451 मध्ये गादीवर आला तेव्हा या चिंचोळ्या पाण्याचा एक काठ त्याच्या हातात होता आणि दुसरा नव्हता.

दुसरा काठ हवा होता तो दोन कारणांसाठी. ऑटोमन राज्य तेव्हा दोन खंडांत पसरलेलं होतं आणि मधे हे पाणी. 1444 च्या वार्ना मोहिमेत मेहमेदचा बाप दुसरा मुराद फौज घेऊन आशियाकडे होता आणि ख्रिस्ती आरमार सामुद्रधुन्यांमध्ये त्याची वाट अडवायला बसलं होतं. तो कसाबसा बॉस्फरस ओलांडून गेला, पण राज्याचा कणाच या पाण्यात मोडू शकतो हे त्या प्रसंगाने दाखवून दिलं. दुसरं कारण कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. ती तेव्हा बायझंटाइन साम्राज्याची राजधानी होती आणि मेहमेदला ती जिंकायची होती. शहराला लागणारं धान्य काळ्या समुद्राच्या किनाऱ्यांवरून जहाजांनी याच वाटेने यायचं. शहर इथून दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटर. त्यामुळे मेहमेदने शहराला घातलेल्या 1453 च्या वेढ्यात रुमेली हिसारच्या तोफांनी शहराची तटबंदी फोडली, असा जो समज दिसतो तो चुकीचा आहे. त्या तोफांचा मारा तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. वेढा पडण्याआधीच शहराची उत्तरेकडची रसद तोडायची, एवढंच या किल्ल्याचं काम होतं.

पाण्याचा स्वभावही पाहायला हवा. बॉस्फरसमध्ये वरच्या थरातला प्रवाह काळ्या समुद्राकडून मार्माराकडे, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. अरुंद जागी त्याला जोर चढतो. किल्ल्याच्या थोडं खाली आशियाई काठावर कांदिली आहे. तिथे जहाजांना सुमारे 45 अंशांत वळावं लागतं आणि प्रवाह कधीकधी 7-8 नॉटपर्यंत (ताशी 13-15 किलोमीटर) जातो. उत्तरेकडून धान्य घेऊन येणारं शिडाचं जहाज या पट्ट्यात आलं की त्याला ना झटकन थांबता येत, ना मागे फिरता येत. नाखव्याचं सगळं लक्ष वळण सांभाळण्यात गुंतलेलं असतं. तोफखान्यासाठी याहून सोयीची जागा या सामुद्रधुनीत सापडणं कठीण.

जमीन मात्र बायझंटाइन सम्राटाच्या हक्कातली होती. सम्राट अकराव्या कॉन्स्टंटाइनने वकील (राजदूत) पाठवून हरकत घेतली. मेहमेदने ती धुडकावली आणि काम सुरू राहिलं.

साडेचार महिन्यांत एवढं बांधकाम

कामाला सुरुवात 15 एप्रिल 1452 ला झाली आणि 31 ऑगस्टला ते संपलं. आदल्या हिवाळ्यातच लाकूड, चुना, दगड आणि माणसं गोळा करण्याचे हुकूम सुटले होते. किल्ल्याच्या इतिहासात हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो, पण वेगाची खरी गोम या आगाऊ तयारीत आहे. चुन्याच्या भट्ट्या आयत्या वेळी पेटवून चालत नाही. दगड भाजायचा, कळी विझवायची, चुना मुरू द्यायचा, यात आठवडे जातात. लाकूड इझनिक आणि काळ्या समुद्रावरच्या एरेग्लीकडून आलं. दगडाचा मोठा वाटा अनातोलियातून (आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागातून) आणि आसपासच्या पडक्या बायझंटाइन इमारतींमधून आला. तटात आजही संगमरवरी खांबांचे तुकडे आडवे घातलेले दिसतात. बाहेरून नुसती गोल चकती दिसते, बाकीचा खांब भिंतीच्या पोटात असतो. चकती पाहून ही सजावट असेल असं वाटतं. तिचं काम मात्र बाहेरचा थर आणि आतला भराव एकमेकांना शिवून ठेवण्याचं आहे.

वास्तुरचनाकार म्हणून मुस्लिहिद्दीन याचं नाव सांगितलं जातं. त्या काळचा इतिहासकार क्रितोवुलोस लिहितो की आखणीत सुलतानाने जातीने लक्ष घातलं. कामाची वाटणी मोठी हुशारीची होती. तीन मोठे बुरूज तीन वजिरांकडे सोपवले: पाण्याकाठचा चांदार्ली हलील पाशाकडे, उत्तरेच्या टेकडीवरचा सारुजा पाशाकडे, दक्षिणेच्या टेकडीवरचा झागानोस पाशाकडे. त्यांना जोडणारे तट सुलतानाने स्वतःकडे ठेवले. प्रत्येकाची अब्रू आपापल्या बुरुजाला बांधलेली. बुरुजांना नावं पडली ती या तिघांचीच. झागानोस पाशाच्या बुरुजावर हिजरी 856 च्या रजब महिन्याचा, म्हणजे 1452 च्या जुलै-ऑगस्टचा शिलालेख आहे.

वेगाचा अंदाज येण्यासाठी एकाच बुरुजाचं गणित मांडून पाहू. सारुजा पाशाच्या बुरुजाचा व्यास 23.30 मीटर, उंची 28 मीटर आणि भिंतीची जाडी 7 मीटर. दोन्हीकडच्या भिंती वजा केल्या तर आतली पोकळी उरते फक्त 9.30 मीटर रुंदीची. म्हणजे बुरुजाच्या आडव्या छेदातला 80 टक्क्यांहून जास्त भाग भरीव आहे. वरपर्यंत जाडी तीच धरली तर बांधकाम भरतं सुमारे 10 हजार घनमीटर. 138 दिवसांनी भागलं की रोजचे 70 घनमीटरहून जास्त, वजनात दीडशे टनांच्या घरात. हे एका बुरुजाचं झालं. असे आणखी दोन बुरूज, शिवाय 13 छोटे बुरूज आणि उत्तर-दक्षिण 250 मीटर पसरलेला तट. काही हजार हात एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी राबल्याशिवाय हे होणं नाही.

घाईची किंमतही असते. चुन्याचं बांधकाम हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत घट्ट होत जातं. सात मीटर जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत हवा पोचायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून ऑटोमन गवंडी खोरासान चुना वापरत. त्यात विटांची भुकटी आणि चुरा मिसळलेला असतो. त्यामुळे चुना ओलसर अंधाऱ्या गाभ्यातही धरतो. शिवाय ठराविक उंचीवर भिंतीत आडवी तुळयांची चौकट घालायची. ओला चुना आवळेपर्यंत भिंतीला फुगू न देणं आणि पुढे भूकंपाचा झटका वाटून घेणं, ही दोन्ही कामं ती करते. पण शे-दोनशे वर्षांत लाकूड कुजलं की तिच्या जागी भिंतीत लांबच्या लांब पोकळ नळ्या उरतात. पावसाचं पाणी त्यातून आत शिरतं, चुना धुऊन नेतं आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून सुटी होते. अशा किल्ल्यांची डागडुजी करताना भेगांपेक्षा या नळ्या जास्त त्रास देतात, कारण त्या दिसत नाहीत.

तोफा खाली का ठेवल्या

इथे या किल्ल्याचं मर्म आहे, म्हणून जरा थांबू.

जहाज अडवायचं तर तोफ उंचावर ठेवावी, लांबचं दिसेल, मारा दूर जाईल, असं सहज वाटतं. पण 15 व्या शतकातली तोफ म्हणजे एका जागी भक्कम रोवलेली, दगडी गोळा फेकणारी, भरायला फार वेळ खाणारी जड नळी. नेम बदलायचा तर अख्खं धूड हलवावं लागे. अशी तोफ टेकडीवरून पाण्याकडे रोखली की दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अगदी साधी. नळीचं तोंड खाली झुकलं की गोळा पुढे घरंगळतो आणि दारूपासून सुटतो. तो बोळा कोंबून घट्ट अडवावा लागतो, नाहीतर स्फोटाचा जोर वाया जातो.

दुसरी अडचण भूमितीची. समजा तोफ पाण्यापासून 50 मीटर उंचावर आहे आणि जहाज 350 मीटरवर. गोळा तिरका खाली येतो. जहाजाची पाण्यावरची उंची 4 मीटर धरली, तर जहाजाच्या बाजूला लागू शकेल असा पट्टा असतो फक्त 20-25 मीटरचा. अंतराचा अंदाज त्याहून जास्त चुकला की गोळा अलीकडे बुडतो किंवा डोलकाठीवरून पलीकडे जातो. आता तीच तोफ पाण्यापासून मीटर-दोन मीटर उंचीवर आणा. गोळा सगळी वाट जहाजाच्या कुशीच्या उंचीनेच कापतो. अंतर 200 मीटर आहे की 350, याने फारसा फरक पडत नाही. गोळा थोडा आधी पाण्यावर आपटला तरी सपाट कोनामुळे उसळी घेऊन पुढे जातो. पाण्याच्या पृष्ठभागाला घासत जाणाऱ्या अशा गोळ्यांचं वर्णन क्रितोवुलोसनेही केलं आहे.

म्हणून मोठ्या तोफा पाण्याकाठच्या हलील पाशाच्या बुरुजापाशी आणि त्याच्या पुढ्यातल्या ठेंगण्या तटामागे होत्या. या पुढच्या तटाला हिसारपेचे म्हणतात. त्यातली तोफांची तोंडं जवळजवळ पाण्याच्या पातळीवर उघडतात. समोरच्या अनादोलू हिसारलाही मेहमेदने असाच बाहेरचा तट घालून तोफा दिल्या. 700 मीटर पाणी दोन काठांनी वाटून घेतलं, की प्रत्येकाच्या वाट्याला 350 मीटर येतं. तेवढ्या अंतरावर त्या काळची तोफ भरवशाची होती. भरायला लागणाऱ्या वेळावर उपाय संख्येचा. तोफा आधीच ठरलेल्या रेषांवर रोखून ठेवायच्या आणि जहाज त्या रेषेवर आलं की बत्ती द्यायची. जहाजाच्या मागे तोफ फिरवायची गरजच नाही.

याची परीक्षा 1452 च्या नोव्हेंबरात झाली. किल्ल्यावर फिरुझ आगा नावाचा अधिकारी 400 जानिसारींसह (सुलतानाच्या खड्या फौजेतल्या शिपायांसह) होता. येणाऱ्या प्रत्येक जहाजाने शिडं उतरवून थांबायचं, तपासणी द्यायची आणि जकात भरायची, असा हुकूम होता. महिन्याच्या सुरुवातीला काही व्हेनिशियन जहाजं गोळ्यांच्या माऱ्यातून निसटली. महिनाअखेरीस आंतोनिओ रिझ्झो याच्या जहाजाने हुकूम मानला नाही. एका दगडी गोळ्याने ते बुडालं. वाचलेल्या खलाशांचा शिरच्छेद झाला आणि रिझ्झोला सुळावर चढवलं. दुकास या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे ती तोफ हंगेरीहून आलेल्या ओर्बानने ओतली होती. तिचा हा गुण पाहूनच मेहमेदने त्याला पुढच्या वेढ्यासाठी याहून कितीतरी मोठी तोफ ओतायला सांगितली.

ऑटोमन तोफकामाची ही विद्या पुढच्या शंभर वर्षांत दख्खनपर्यंत आली. आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर असलेली मुलुखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात. तिच्यावरच्या लेखात ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी असं आहे. रूमी म्हणजे ऑटोमन मुलखातला. वजन सुमारे 55 टन. एवढं धूड ओतण्याचं कसब कुठून आलं याचा माग घेत गेलं, की वाट इस्तंबूलकडे वळते.

मग डोंगर चढायची गरज काय

तोफा खाली तर किल्ला वर का चढला? कारण काठावरच्या तोफखान्याच्या पाठीशी टेकडी असते. ती मोकळी सोडली आणि शत्रूने ताब्यात घेतली, तर खालचा तोफखाना वरून उघडा पडतो. त्यावर नुसत्या दगडांचा वर्षावही पुरे. इथे एक नाही, दोन टेकड्या आहेत आणि मधे घळ. म्हणून उत्तरेच्या माथ्यावर सारुजा पाशाचा बुरूज, दक्षिणेच्या माथ्यावर झागानोस पाशाचा, घळीच्या तोंडाशी पाण्यावर हलील पाशाचा, आणि तिघांना जोडणारा तट. घळीच्या कुशी चढताना तट जागोजागी मोडतो, वळतो, पायऱ्यापायऱ्यांनी वर जातो. वरून हा नकाशा अरबी लिपीत मुहम्मद असं लिहिल्यासारखा दिसतो, असं पुष्कळदा सांगतात. सांगायला छान आहे, पण नकाशाचं प्रत्येक वळण जमिनीच्या उतारावरून समजतं आणि तेवढं कारण पुरेसं आहे. किल्ल्याची पूर्व-पश्चिम रुंदी 50 पासून 125 मीटरपर्यंत कमीजास्त होते ती याच उतारामुळे.

तिन्ही बुरूज एकसारखे नाहीत. हलील पाशाचा बुरूज बारा कोनी, 22 मीटर उंच, साडेसहा मीटर जाड भिंतींचा. झागानोस पाशाचा गोल, 21 मीटर उंच, पण व्यास 26.70 मीटर आणि भिंत 5.70 मीटर. म्हणजे बाहेरून सगळ्यात रुंद आणि आतून सगळ्यात ऐसपैस. आत दगडी मजले नव्हते. तुळयांवर फळ्यांचे मजले होते, हलील आणि सारुजा पाशांच्या बुरुजांत नऊ, झागानोसच्या बुरुजात आठ, आणि प्रत्येक मजल्यावर शेकोटीची सोय. माथ्यावर शिशाचा पत्रा मारलेलं लाकडी शंकूसारखं छप्पर. आज ते नाही. त्यामुळे आता दिसणारं बुरुजांचं बोडकं रूप मूळचं नाही.

पाण्याची व्यवस्था आपल्या गडप्रेमींना ओळखीची वाटेल. आतल्या मशिदीखाली मोठं टाकं होतं. त्यातून तीन कारंज्यांना पाणी जायचं. त्यातलं एकच आता शिल्लक आहे. घळीमुळे पावसाचं पाणी आपोआप किल्ल्याच्या मध्याकडे येतं. ही सोयही होती आणि डोकेदुखीही. येणाऱ्या लोंढ्याला बाहेर जाऊ दिलं नाही, तर खालच्या तटावर आतून पाण्याचा आणि चिखलाचा दाब येतो. एका दरवाजाचं नाव सेल कापसी, पुराचा दरवाजा, असं आहे. डोंगराकडे उघडणारा तो दाग कापसी. दक्षिणेच्या बुरुजाजवळ दारूगोळा आणि धान्याच्या कोठारांसाठी दोन चोरदरवाजेही होते.

काम संपल्यावर

29 मे 1453 ला शहर पडलं आणि नऊ महिन्यांत किल्ल्याचं मूळ कामच उरलं नाही. दोन्ही काठ आता एकाच राज्यात आले. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला अडवण्याची जबाबदारी दूर दक्षिणेला दार्दानेल्स या दुसऱ्या सामुद्रधुनीकडे गेली. तिथे मेहमेदनेच 1460 च्या दशकात किलितबाहिर आणि त्यासमोरचा किल्ला उभारला. पुन्हा तोच डाव, एका अरुंद पाण्याचे दोन काठ. रुमेली हिसार जकातनाका झाला आणि अधूनमधून तुरुंग. युद्ध सुरू असलेल्या देशांचे वकीलसुद्धा इथे डांबले जात.

1509 च्या मोठ्या भूकंपात त्याला जबर मार बसला, मग दुरुस्ती झाली. 1746 च्या आगीत मोठ्या बुरुजांपैकी दोहोंतलं लाकूडकाम जळालं. इथे बांधणीतली मेख उघडी पडते. सात मीटर जाड दगडाला आग काही करत नाही, पण आतले मजले लाकडाचे आणि पोकळी उभी नळकांड्यासारखी. खाली ठिणगी पडली की ज्वाळा मजल्यामागून मजले गिळत वर जातात. सुलतान तिसऱ्या सेलीमच्या काळात पुन्हा डागडुजी झाली. 19 व्या शतकात लष्कराने किल्ला सोडला आणि आत लाकडी घरांची एक वस्तीच उभी राहिली.

ती वस्ती 1950 च्या दशकात हलवली गेली आणि 1955 ते 1958 मध्ये मोठं जीर्णोद्धाराचं काम झालं. ते पार पाडलं जाहिदे तामेर, सेल्मा एम्लेर आणि मुअल्ला एयुबोग्लू या तीन महिला वास्तुविशारदांनी. त्या काळात, एवढ्या उंच परांच्यांवर, एवढ्या मोठ्या लष्करी वास्तूचं काम तीन स्त्रियांच्या हाती होतं याची नोंद ठळकपणे व्हायला हवी. तरी त्या कामाची दुसरी बाजूही सांगायलाच पाहिजे. आज आत दिसणारी हिरवळ, झाडं आणि मोकळीक 15 व्या शतकातली नाही. मूळ किल्ल्यात शिपायांची लाकडी घरं दाटीने होती, नंतर मोहल्ला होता. आतल्या मोकळ्या जागेत खुलं नाट्यगृह झालं. मूळ मशिदीचा मिनाराचा बुंधा तेवढा त्याच्या मधोमध उभा होता. 2010 च्या दशकात तिथे मशीद पुन्हा बांधली गेली.

पाहायला जायचं तर आधी फेरीबोटीतून, पाण्यावरून पाहावा. हिसारपेचेच्या तोंडांची उंची आणि समोरचा अनादोलू हिसार एका नजरेत येतात, आणि तोफा खाली का ठेवल्या हे डोळ्यांनाच कळतं. जवळच उत्तरेला 1988 मध्ये खुला झालेला, याच मेहमेदच्या नावाचा पूल आहे. त्यावरून पाण्याच्या रुंदीचा अंदाज घेता येतो, पण फसगत होऊ शकते. पुलाच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर 1,090 मीटर आहे आणि मनोरे काठाच्या आत जमिनीवर आहेत. आत गेल्यावर तटाच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. पावसानंतर दगड निसरडा होतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरताना जास्त जपावं. बुरूज आणि तटांचा कुठला भाग खुला आहे हे डागडुजीप्रमाणे बदलत राहतं, तेव्हा दारावर चौकशी करूनच चढायची वाट ठरवावी.